नळाच्या वेळेतला अर्धा तास

आई, काल बाबांचा सत्कार झाला. पंचाहत्तरी झाली त्यांची. आमच्या हरणीच्या सोसायटीत सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यांनी बागेत सतरंज्या घातल्या, शाल दिली, नारळ दिला आणि वर बाबांना चार शब्द बोलायला उभं केलं. बोलायला सांगितल्यावर बाबा काय सोडतात होय. गुजरातीत बोलले, कारण मंडळात मराठी म्हणून आम्हीच. रोज चाला, थंडी असो की पाऊस, चालण्यासारखं हृदयाला औषध नाही, असं सगळं छान बोलले. टाळ्या पडल्या. मग आवाज जरा खाली आणला आणि म्हणाले, "मारां मिसीसने में बहु कह्युं'तुं. पण एमने चालवानी आळस." म्हणजे तू आळशी होतीस, चालली नाहीस, म्हणून लवकर गेलीस. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढे बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं आणि च्च केलं. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते मी खाली आपटलं नाही. सगळ्यांना एकेक पेढा दिला, बाबांनाही दिला. पण तेव्हापासून जे डोकं फिरलंय ते जागेवर यायला तयार नाही, आणि हे ज्याला सांगावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

आळस हा शब्द तुझ्याबाबतीत कोणी वापरू शकेल हे मला खरंच वाटलं नव्हतं. तुझ्या तोंडची खाष्ट बोलणी मला आठवतात, तुझा हट्ट आठवतो, डाळीत मीठ जास्त पडलं की कबूल न करणं आठवतं. पण तू आळशी? रावपुऱ्यातल्या त्या घरात, खाली चष्म्याचं दुकान, मधल्या मजल्यावर बेनचं, आपल्या गुजराती शेजारणीचं, बिऱ्हाड, वर आपण आणि आपल्या डोक्यावर अगाशी, त्या जिन्यावर दिवसातून किती वेळा तू वरखाली करायचीस ते मोजायची कोणाची टाप नव्हती. पहिला झटका आला तोसुद्धा तुला बसून आला नाही. गौरी जेवायच्या दिवशी, पुरणपोळ्या लाटताना आला. तू म्हणालीस, दाढ दुखतेय गं, पार पाठीपर्यंत कळ जातेय. बाबा म्हणाले, लवंग धर दाताखाली. तू लवंग धरलीस आणि सवाष्णी जेवू घातल्यास, त्यांच्या ओट्या भरल्यास, दारापर्यंत जाऊन त्यांना निरोप दिलास. मग स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर टेकलीस ती घामाने भिजलेली, आणि मला म्हणालीस, "दाढ नाही वाटत ही." बेनच्या मिस्टरांनी तेव्हा नुकतीच मारुती घेतली होती. तिच्या सीटचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. त्या कडक प्लास्टिकवर तुला निजवून आम्ही दवाखान्यात नेलं.

तो डॉक्टर तुला आठवत असेल, उंच, पेशंटच्या डोळ्यांत बघून बोलणारा. घरी सोडायच्या दिवशी तो बाबांशी न बोलता तुझ्याशी बोलला, आणि त्याचा बाबांना पहिला राग आला. आधी आराम, मग हळूहळू वाढवत रोज अर्धा तास चालायचं, म्हणाला. तू हसून म्हणालीस, "घरमां आखो दिवस चालुं ज छुं ने, साहेब." त्याने मान हलवली. "ए चालवानुं नथी, बेन. ए तो दोडादोड छे. अटक्या वगर चालो. हाथ खाली राखीने." म्हणजे न थांबता, हात रिकामे ठेवून. आपण चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये, एवढा जोर हवा, असंही त्याने सांगितलं. घरी येताना तू तुझे हात मांडीवर उलटसुलट करून बघत होतीस. "हात रिकामे ठेवून कसं गं चालतात?" असं मला विचारलंस. मी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, मला सगळं येत होतं. मी म्हटलं, त्यात काय, हात नुसते हलवायचे.

त्या शरदातले दोन-अडीच महिने, आई, मी जपून ठेवलेत. देवासहून आत्या मदतीला आली होती, "वहिनी, तू जा, नळाचं मी बघते" असं म्हणाली होती, आणि तू खरोखरच जात होतीस. उजाडतं आहे. खालून बेनची हाक येते, "केम बेन, आवो छो ने?" माझे शाळेतले पांढरे कॅन्व्हसचे बूट तुला बरोबर झालेत, त्यांना तू खडू लावून पांढरे केलेस, वर पाचवारी पातळ, त्यात बाबांचे जुने मोजे. आरशापुढे उभी राहून म्हणतेस, "कवायतीच्या मास्तरीणबाई निघाल्या बघा." तुम्ही दोघी कमाटीबागेत जाता आणि परत येता तेव्हा जिन्यातूनच तुझा आवाज ऐकू येतो. आज मोर दिसला. आज बेन चालता चालता भजन म्हणायला लागल्या, मी त्यांना म्हटलं, गाता येतंय म्हणजे तुम्ही हळू चालताय. तुझे कान लाल झालेले असतात, कपाळावर घाम असतो, पण गौरीच्या दिवशीचा तो गार घाम नाही. पूर्वी तू बेनच्या दाराशी कठडा धरून थांबायचीस आणि थांबलीस असं दिसू नये म्हणून पदर नीट करायचीस. दिवाळीच्या आसपास एकदा माझ्या लक्षात आलं, तू थांबत नाहीस. रांगोळीची पिशवी घेऊन सरळ वर आलीस आणि आल्या आल्या मला कशावरून तरी ओरडलीस. मला इतका आनंद झाला होता त्या ओरडण्याचा. डॉक्टर म्हणाला ते तुझ्या अंगी लागत होतं. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं, बाबांनीही बघितलं.

मग आत्याच्या सुनेचे दिवस भरले आणि आत्या गेली, आणि नळ परत तुझ्याकडे आला. नळाबद्दल मी आज कोणाला सांगायला गेले तर हसतील. आमच्याकडे इथे बटण दाबलं की पाणी. रावपुऱ्यात तेव्हा पाणी यायचं पहाटे, थोडा वेळ, तेही तळमजल्याला. वापरायचं पाणी मोटर लावून अगाशीच्या टाकीत चढवायचं, तेवढं कोणीही करू शकलं असतं. पण प्यायचं आणि देवाचं पाणी आपल्या घरात सोवळ्यात भरायचं. आंघोळ केलेली, धुतलेलं पातळ नेसलेली, कोणाला न शिवलेली बाई खाली जाणार, नळातून उतरणारं ताजं पाणी तांब्याच्या कळशीत धरणार आणि वर आणणार. बाबांच्या आजोबांनी सरकारवाड्यात कामाला असताना घातलेली ही रीत. ते देव, ती चांदीची पळी, ते स्फटिकाचं शिवलिंग सगळं त्यांच्यापासूनचं. गोरव्याच्या कारखान्यात परचेस खात्यात दिवसभर नट-बोल्टांचे भाव पाडून घेणारे, इंग्रजी मासिकं वाचणारे, घरात पहिल्यांदा रंगीत टीव्ही आणणारे आपले बाबा, त्या पाण्याच्या बाबतीत मात्र एक पाऊल हटत नव्हते. मी म्हटलं, मी भरते. तर म्हणाले, "तू आज भरशील. उद्या तुझी अडचण असेल, परवा तुझी परीक्षा. देवाचं असं धरसोडीचं चालत नाही." तुझी अडचण तेव्हा थांबली होती, म्हणून तू सोयीची होतीस. मी म्हटलं, मग तुम्ही भरा. त्यावर ते नुसते हसले, मी काहीतरी गमतीचं बोलले असल्यासारखे.

संध्याकाळी चालायचं म्हटलं तर रावपुऱ्यात संध्याकाळी रिक्षा आणि स्कूटर अंगावर येतात, शिवाय तीच बाबांची घरी यायची वेळ आणि त्यांना तव्यावरची पोळी लागते. तरी तू मार्ग काढायला बघितलास. मोटर लावून तू अगाशीत जायचीस आणि टाकी भरेपर्यंत फेऱ्या मारायचीस. मी एकदा कपडे वाळत घालायला वर आले तेव्हा तू चालत होतीस. सोवळ्याचं पातळ, अनवाणी पाय, रिकामे हात, आणि कान सगळे खाली लागलेले. दोनतीन फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात खाली नळाची धार बारीक झाल्याचा आवाज आला, तो फक्त तुलाच ऐकू यायचा. तू धावत जिना उतरलीस. दम लागलेली, कळशी घेऊन दोन मजले वर आलीस. मला बघून म्हणालीस, "झालं गं माझं चालणं." डॉक्टरने जे नको म्हणून सांगितलं होतं, अगदी तेच तू व्यायाम म्हणून करत होतीस, कारण दुसरं काही करायला जागाच नव्हती. बेन काही दिवस खालून हाक मारत राहिल्या. तू खिडकीतून म्हणायचीस, "नळ आव्यो छे, बेन." मग त्या एकट्याच जाऊ लागल्या.

आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेहून काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, बऱ्याच वर्षांनी. त्यांच्या बॅगेत चॉकलेटं होती, परफ्युम होता, आणि तुझ्यासाठी गोळ्यांच्या मोठाल्या बाटल्या. झाकण उघडलं की वर कापूस, आणि आत मधासारख्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या. व्हिटॅमिन ई. दुसऱ्या बाटलीत सी, तिसरीत गाजरातलं काहीतरी. जेवताना काकांनी समजावून सांगितलं. शरीरात ऑक्सिडेशन होतं, म्हणजे गंज चढतो, त्याने रक्तवाहिन्या खराब होतात. या गोळ्या अँटिऑक्सिडंट, गंज चढू देत नाहीत. तिकडे सगळे हार्ट पेशंट घेतात. बाबांचा घास हातात राहिला. गंज हा त्यांचा विषय. ते तुझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, आम्ही लोखंडाला रेड ऑक्साइड मारतो ना, तसं हे. आतून रंग दिला की झालं." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की बघवत नव्हतं. तुझ्या आजारपणात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी समजलं होतं. काका मात्र रोज सकाळी हाफ पँट घालून रावपुऱ्यातून पळायला जायचे, कुत्री मागे लागायची, पानवाला हसायचा. गोळ्या घेणारा माणूस पळतोसुद्धा, हे घरात सगळ्यांनी बघितलं. पण बाटल्या ठेवून घेतल्या आणि पळणं काकांबरोबर विमानात बसून परत गेलं. त्यांना कोणी पाणी भरायला सांगितलं नव्हतं हेही खरंच.

"आता तुला बागेत तडफडत जायची गरज नाही," बाबा म्हणाले. प्रेमानेच म्हणाले, तो दोष मी त्यांना देणार नाही. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी फक्त आपल्या घरात होऊ शकते. बाटल्यांमधल्या गोळ्या त्यांनी एका चांदीच्या छोट्या डबीत काढल्या, ज्यात पूर्वी केशर असायचं, आणि ती डबी देवघरात ठेवली. पूजा झाली की तू समोर जाऊन हात पुढे करायचीस. बाबा पळीने तीर्थ द्यायचे, ते तू घ्यायचीस. मग दुसऱ्यांदा तळहातावर ती पिवळी गोळी ठेवायचे, आणि गिळायला वर अजून एक पळी तीर्थ. तू खाली उभी राहून भरलेलं, दोन मजले चढवलेलं पाणी. ज्या पाण्यापायी तुझं चालणं गेलं त्याच पाण्याबरोबर तू त्या चालण्याच्या बदल्यातली गोळी गिळत होतीस. मी तुला एकदा म्हटलं, डॉक्टर तर चाला म्हणाला होता, गोळ्यांचं काहीच बोलला नव्हता. तू भाजी चिरत होतीस. म्हणालीस, "देवापुढे हात धरल्यावर नाही म्हणता येत नाही गं. आणि ते किती मनापासून देतात." थोड्या वेळाने म्हणालीस, "गोळीला वेळ लागत नाही. कोणाचं काही अडत नाही." मला तेव्हा ते साधं बोलणं वाटलं. आता ते वाक्य आठवलं की मला बसवत नाही.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने पहिलं तेच विचारलं, "चालो छो ने?" तुझ्या आधी बाबा बोलले. आता ही इम्पोर्टेड व्हिटॅमिन्स घेते, म्हणाले, आणि पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरने बाटली फिरवून वाचली. "विटामिन लेवां होय तो लो," तो म्हणाला, "पण चालवानुं बंध ना करशो, बेन." तू खाली बघितलंस. तो थांबला, काहीतरी विचारणार होता, पण बाहेर पेशंटची रांग होती. रिक्षात बाबा म्हणाले, "जुन्या वळणाचा डॉक्टर आहे. वाचन नाही." तुला सांगू का आई, त्या काळात शिकलेसवरलेले डॉक्टरही या गोळ्या लिहून देत होते, म्हणजे बाबा काही एकटेच वेडे नव्हते. पण जो नेमका मिळाला होता तो शहाणा होता, आणि त्याचं ऐकायचं सोडून आपण आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं करत बसलो.

दुसऱ्या वर्षी चैत्रात पाण्याची टंचाई सुरू झाली. धार इतकी बारीक यायची की एक कळशी भरायला उभं राहून पायाला मुंग्या यायच्या. त्या सकाळी बाबा देवापुढे बसलेले होते, ताम्हनात देव काढून ठेवलेले, अभिषेकाचं पाणी यायची वाट बघत. "अगं, पाणी," अशी त्यांनी एक हाक मारली. मग जरा मोठ्याने दुसरी. मी चहा करत होते. खालून जी हाक आली ती बेनची होती, आणि ती मला उद्देशून होती, आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. तू नळाशी भिंतीला टेकून बसली होतीस, जरा विसावल्यासारखी. कळशी भरून वाहत होती आणि पाणी दुकानाच्या पायरीपर्यंत गेलं होतं. बेननी तुझ्या अंगाखाली हात घालून तुला धरलं होतं, आणि रडत रडत मला सांगत होत्या की मी यांना सोवळ्यात शिवले, मला माफ करा. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. दुपारी मी काही आणायला देवघरात गेले तेव्हा देव तसेच कोरडे ताम्हनात होते, आणि पळीशेजारी त्या दिवशीची गोळी काढून ठेवलेली होती.

इथवर तुला माहीत आहे, निदान तुझ्या बाजूने. पुढचं तुला माहीत नाही, आणि खरा राग मला त्या पुढच्याचा आहे. तेरावं झालं, सुतक फिटलं, पूजा परत सुरू करायची वेळ आली. मी मनात म्हटलं, आता बघू देवाचं पाणी कोण भरतं. बाबा बाजारात गेले आणि पाण्याचा फिल्टर घेऊन आले. भिंतीवर टांगायचा, निळा दिवा लागणारा. मोटरने टाकीत चढवलेलं पाणी त्यातून यायचं, आणि बाबा स्वतः उठून त्यातून कळशी भरायचे. आत्या आली होती, तिने भुवया वर केल्या. बाबा म्हणाले, "काळाप्रमाणे बदलावं लागतं. आता कोण एवढं पाळणार." बाबांच्या आजोबांपासूनची ती रीत, आई, तू गेल्यावर पंधरा दिवससुद्धा टिकली नाही. तिच्यासाठी कोणी भांडलं नाही, ती मोडली म्हणून आभाळ कोसळलं नाही, देव कोपले नाहीत. एक निळा दिवा लागला आणि ती गेली. तो दिवा तू असताना का नाही लागला? मी हे कितीदा विचारलंय, भिंतीला विचारलंय, बाबांना मात्र कधी नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि मग बाबा चालायला लागले. बेनचे मिस्टर त्यांना बागेत घेऊन जाऊ लागले, एकटेपणा जावा म्हणून. ते जे एकदा चालायला लागले ते आजतागायत. पाठ ताठ, रक्तदाब जवानाचा. रावपुऱ्याचं घर सोडून माझ्याकडे हरणीला आले तेव्हा आधी त्यांनी सोसायटीत चालायची वाट कुठे आहे ते बघितलं. माझा नवरा भरुचला नोकरीला, शनिवार-रविवार घरी असतो. मुलगा हॉस्टेलला. म्हणजे एरवी मी आणि बाबा. आणि मागच्या थंडीत मला चढावर चालताना छातीत धरल्यासारखं व्हायला लागलं. तुझ्यासारखंच, आणि तुझ्यासारखंच लवकर. या वेळी डॉक्टर एक तरुण मुलगी आहे. सगळ्या तपासण्या केल्या, औषधं दिली आणि म्हणाली, रोज अर्धा तास, न थांबता. मी तिला व्हिटॅमिन ई बद्दल विचारलं. ती म्हणाली, आमचे सरसुद्धा पूर्वी लिहून द्यायचे, आता कोणी देत नाही. हृदयाला त्याचा उपयोग दिसलाच नाही, नका घेऊ. इतकं सहज म्हणाली, चष्मा पुसता पुसता. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. लोकांना वाटलं माझा रिपोर्ट वाईट आला.

बाबांना माझं दुखणं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते मेडिकलमधून पाकीट घेऊन आले. त्याच गोळ्या, आता इथेच बनतात. तीच चांदीची डबी. बाबा चालून येणार, आल्या आल्या चहा, मग आंघोळ, मग पूजा, आणि पूजेनंतर मी पुढे हात करायचा. मी शिकवते त्या शाळेत जायच्या आधीचा सगळा वेळ त्यात जातो. मंडळाच्या लोकांना सांगतात, चालण्यासारखं औषध नाही, आणि घरातल्या बाईला गोळी देतात, आणि या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटत नाहीत. मी बूट घेतले त्याला कित्येक महिने झाले. खोक्यातून काढले नव्हते.

काल दुपारी, शाल घडी करून ठेवताना, मी शेवटी बोलले. म्हटलं, "बाबा, आई आळशी नव्हती. तिला नळ होता." ते खुर्चीत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठला नळ?"

मला वाटलं आव आणतायत. नाही आई. ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. मी सांगितलं, सोवळ्याचं पाणी, पहाटे, तळमजल्यावर. "हो, हो, यायचं ना पाणी सकाळी," ते म्हणाले, जसं रावपुऱ्यात पूर्वी टांगे असायचे म्हणावं तसं. मग त्यांचे डोळे भरले. "मी तिला रोज माझ्या हाताने गोळी दिली," म्हणाले. "एक दिवस खाडा केला नाही. बाहेरगावी गेलो तरी मोजून ठेवून जायचो. तरी गेली." त्यांना एवढंच आठवतं. मी घडी घातलेली शाल परत उलगडली आणि परत घडी घातली. या माणसाकडून तुझी बाजू मिळवायची ती कशी? ज्याला नळच आठवत नाही त्याच्याशी भांडायचं कशावरून?

आज सकाळी मी बूट खोक्यातून काढले. बाबा बाहेर पडले त्यांच्या मागोमाग मीही पडले, वाटेच्या दुसऱ्या टोकाकडून, त्यांच्याबरोबर नाही. हात रिकामे ठेवायला खरंच जमत नाही गं, पदर नाही, पिशवी नाही, उगाच कडेला लोंबतायत असं वाटतं. तू मला विचारलंस ते मला आज कळलं. थोड्या वेळाने दम लागला, बोलता आलं असतं, गाता नसतं आलं. अर्धा तास झाला तेव्हा बाबा केव्हाच वर गेले होते. खालून मला आमची गॅलरी दिसत होती. ते कठड्याला धरून उभे होते, मला शोधत, चहा झाला नव्हता म्हणून. मी त्यांना दिसले नाही. मी अजून एक फेरी मारली. मग आणखी एक. त्या दोन फेऱ्या हृदयासाठी नव्हत्या, ते तुला वेगळं सांगायला नको.

वर गेले तर त्यांनी चहा करायचा प्रयत्न केला होता, दूध उतू गेलं होतं आणि ते फडक्याने गॅस पुसत होते. मग त्यांनी आंघोळ केली, पूजा केली, मी तिथेच दाराला टेकून उभी होते. "ये," म्हणाले. तीर्थ दिलं, ते घेतलं. मग डबी उघडली. ती गोळी त्यांच्या चिमटीतून दोनदा निसटून ताम्हनात पडली, त्यांनी ती परत शोधून काढली. डॉक्टरीण नको म्हणाली आहे ते मला माहीत आहे, उपयोग नाही तेही माहीत आहे, आणि आदल्या दिवशी याच माणसाने तुला चारचौघांत आळशी म्हटलंय तेही.

हे पत्र बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे, तिथे बाबा बघणार नाहीत. गोळी मी घेतली, आई. उद्याही घेईन. पण चालून आल्यावर.